सातव्या फळीखालचे स्टूल

मित्रांनो, मी एक जुने स्टूल आहे. हसू आले असेल तर आधी हसून घ्या. एखाद्या सिंहासनाने आपली कहाणी सांगितली तर तुम्ही माना डोलावून ऐकता, आणि स्टुलाने तोंड उघडले की तुम्हाला गंमत वाटते, हे मला ठाऊक आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. सिंहासनावर फार थोडी माणसे बसतात आणि त्यांतली बरीचशी नुसती बसूनच राहतात. माझ्यावर लोक चढले ते काहीतरी हवे होते म्हणून.

माझा जन्म कसबा पेठेतला. पानशेतचे धरण फुटले त्या वर्षी नदीचे पाणी पेठेतल्या एका लहानशा वाचनालयात शिरले. खालच्या चार फळ्यांवरच्या पुस्तकांचा लगदा झाला. वरची वाचली. तेव्हा वाचनालयाच्या समितीने ठरवले की नवी कपाटे जुन्यांहून उंच करायची आणि मोलाची पुस्तके सगळ्यात वर, सातव्या फळीवर ठेवायची. मच्छिंद्र सुतारांनी ती कपाटे केली आणि उरलेल्या सागवानात मला केले. दोन फूट उंची, चार पाय, पायांना जोडणाऱ्या पट्ट्या. पहिल्याच दिवशी मी जरासे डुगडुगले. ग्रंथपाल दिगंबरराव म्हणाले, "एक पाय आखूड झालाय." मच्छिंद्र शांतपणे म्हणाले, "स्टूल सरळ आहे साहेब. तुमची फरशी वाकडी आहे." त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी आली ती कायमची. दोघांचाही मान राहिला.

पुढची बारा-तेरा वर्षे माझ्या सुखाची गेली. माझ्यावर कोण चढले नाही? वकील चढले, विद्यार्थी चढले, धोतराचा सोगा सावरत म्हातारे चढले. सातव्या फळीवरचे पुस्तक हाती लागले की माणूस खाली उतरण्याआधी तिथेच उभ्याउभ्या पहिले पान उघडतो, हे मी शेकडो वेळा पाहिले. त्या क्षणी त्याचे सगळे वजन माझ्यावर असते. मला फार अभिमान वाटायचा.

मग दिवस फिरले. त्या सुमारास काही नव्या कादंबऱ्या वाचनालयात आल्या. त्यांत दारूने उद्ध्वस्त झालेली घरे होती, जातीवरून झालेले अपमान होते, हुंड्यापायी छळलेल्या सुना होत्या. त्या मुलामुलींच्या हाती द्याव्यात की नाही, यावर समितीत वाद पेटला. कोणी म्हणाले, अठरा वर्षांनंतर द्या. कोणी म्हणाले, सोळा पुरे. एक सद्गृहस्थ म्हणाले, लग्नानंतर. तीन सभा झाल्या, तिन्ही सभांत चहा आणि चिवडा संपला, वय काही ठरेना. शेवटी अध्यक्ष यज्ञेश्वरपंत म्हणाले, "ती पुस्तकं सातव्या फळीवर ठेवा आणि स्टूल काढून घ्या. ज्याचा हात पोहोचेल तो मोठा. वाद मिटला."

सगळ्यांना हा तोडगा फारच पसंत पडला. ठराव झाला, सह्या झाल्या.

मुलांनो, तुम्ही लहान आहात, पण यातली चूक तुमच्याही ध्यानात आली असेल. नववीतला एक उंचेला मुलगा, ज्याला स्वतःच्या बुटाची नाडी बांधायचे भान नव्हते, तो आरामात हात वर करून हवे ते पुस्तक काढी. आणि कुसुमताई, शाळेच्या मुख्याध्यापिका, चार मुलांच्या आई, उंची चार फूट दहा इंच, त्या नुसत्या खाली उभ्या राहून बघत. त्यांनी सूचनावहीत लिहिले: "नव्या नियमानुसार मी अजून लहान आहे. कृपया माझ्या चारही मुलांना तसे कळवावे." दिगंबररावांनी खाली लिहिले: "सूचना वाचली." पुढे काही झाले नाही.

आणि माझे काय झाले? मला उचलून काउंटरच्या आत नेले आणि माझ्यावर पाण्याचा माठ ठेवला! बारा वर्षे मी माठ वाहिला. पाणी झिरपून माझ्या पाटावर जो पांढरा गोल उमटला तो आजही आहे. मला फार वाईट वाटे. कोणी वर चढत नव्हते, पान उघडत नव्हते. दिवसभर लोक येत, पाणी पीत, भांडे आपटत आणि निघून जात.

सन एकोणीसशे शहाऐंशीच्या ऑक्टोबरात, एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर एक मुलगी आली. तिचे नाव नीरजा. नववीत होती, दोन वेण्या, उंची जेमतेम साडेचार फूट. तिचे वडील श्रीनिवासराव एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि आमच्या समितीचे सभासदही. नीरजा सरळ शेवटच्या कपाटापाशी गेली आणि उड्या मारू लागली. दोन उड्या वाया गेल्यावर तिने छत्री उलटी धरली आणि मुठीने सातव्या फळीवरचे एक लाल पाठीचे पुस्तक ओढायला लागली. पडले ते शेजारचे, आणि तिच्याच डोक्यावर.

"छत्री बाहेर ठेवावी," दिगंबरराव जागेवरूनच म्हणाले. "तशी पाटी लावलेली आहे."

"मला ते लाल पाठीचं पुस्तक हवंय."

"कशाला?"

"वाचायला."

"ते मलाही कळतं. वय काय तुझं?"

"पंधरा पूर्ण."

"मग थांब दोन-तीन वर्षं. उंची वाढली की आपोआप मिळेल."

"आमच्या घरात कोणाचीच उंची वाढत नाही," नीरजा म्हणाली. "आजीसुद्धा एवढीच होती. काका, माझ्या वर्गातल्या एका उंच मुलाने नेलं होतं ते. म्हणाला, काही नाही त्यात, नुसती एक नवरी माहेरी येते आणि परत जाते. मला तेच वाचायचंय."

दिगंबररावांनी रजिस्टर मिटले. "मोठ्यांचं पुस्तक आहे. वाईट परिणाम होतो."

"तुम्ही वाचलंय का?"

मी त्यांच्या गुडघ्याशीच होते. मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. सबंध पेठेत ज्यांच्या जिभेपुढे कोणी टिकत नसे ते दिगंबरराव मिटलेले रजिस्टर पुन्हा उघडून त्यात बघू लागले. त्यांनी ते पुस्तक वाचलेले नव्हते. समितीने यादी दिली होती आणि त्यांनी ती पुस्तके वर चढवली होती.

नीरजा छत्री घेऊन निघून गेली. मग एक वाजला, वाचनालय दुपारचे बंद झाले, पण दिगंबरराव घरी झोपायला गेले नाहीत. पुण्यात ही साधी गोष्ट नाही. त्यांनी माझ्यावरचा माठ उचलून खिडकीत ठेवला, मला फडक्याने पुसले, त्या कपाटाखाली नेले आणि ते माझ्यावर चढले. बारा वर्षांनी कोणीतरी माझ्यावर उभे राहिले! माझे सांधे करकरले. लाल पाठीचे पुस्तक काढून ते माझ्यावरच बसले आणि चार वाजेपर्यंत वाचत राहिले. मधेच एकदा त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने बराच वेळ पुसला.

चार वाजता दार उघडताना ते स्वतःशीच म्हणाले, "वाईट एकही ओळ नाही. पण एकट्याने वाचण्यासारखं नाही हे."

दुसऱ्या शनिवारी नीरजा आली तेव्हा त्यांनी ते पुस्तक तिच्यासमोर ठेवले. तिचा विश्वासच बसेना. "अट आहे," ते म्हणाले. "घरी न्यायचं नाही. इथे बसून वाचायचं, माझ्यासमोर. आणि काही अडलं तर विचारायचं, गप्प बसायचं नाही." तिने लगेच त्याच फळीवरचे दुसरेही एक मागितले. दिगंबररावांनी ते चाळून पाहिले आणि परत ठेवले. "हे अजून दोन वर्षांनी. हे मी वाचून सांगतोय, यादी बघून नाही."

तेव्हापासून दर शनिवारी नीरजा माझ्यावर बसून वाची. तिचे पाय जमिनीला टेकत नसत, ती ते माझ्या खालच्या पट्टीवर ठेवी. सुरुवातीला पाय हलत असत. जसजशी पाने पुढे गेली तसतसे ते हलायचे थांबले.

त्या कादंबरीत एक नुकती लग्न झालेली मुलगी होती. सासरी तिचा छळ होई. दोनदा ती माहेरी आली आणि दोन्ही वेळा आईने तिची ओटी भरून तिला परत पाठवले. तिसऱ्यांदा ती आली नाही, तिची बातमी आली. एवढीच गोष्ट. उंच मुलाने सांगितले ते खोटे नव्हते, त्याला फक्त ते दिसले नव्हते.

तिसऱ्या शनिवारी नीरजाने पुस्तक मांडीवर पालथे घातले. "काका, लग्न झालेली मुलगी माहेरी राहूच शकत नाही का?"

"राहू शकते की. कोण म्हणतं नाही?"

"आमच्या घरी सगळेच म्हणतात."

दिगंबरराव काउंटरच्या बाहेर आले. मग ती बोलू लागली. तिची मोठी बहीण श्यामला गणपतीपासून माहेरी आली होती. शेजाऱ्यांना सांगितले होते की माहेरपणाला आली आहे. "तिच्या मनगटावर भाजल्याचे डाग आहेत. ती म्हणते, पोळी भाजताना चटका बसला. पण काका, दोन्ही मनगटांवर आहेत. चटका दोन्ही हातांना कसा बसेल? मी विचारलं तर आई म्हणते, तू लहान आहेस, तुला नाही कळायचं. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी बाबा तिला पोचवायला जाणार आहेत."

दिवाळी आठ दिवसांवर आली होती.

मित्रांनो, मी लाकूड आहे, पण एवढे मलाही कळले. या मुलीला कोणत्याही पुस्तकाने बिघडवले नव्हते. जे पुस्तकात होते ते तिच्या घरात तिच्या डोळ्यांसमोर घडत होते आणि त्याबद्दल बोलायला तिच्याजवळ शब्द नव्हते, कारण सगळे शब्द मोठ्यांनी सातव्या फळीवर ठेवून दिले होते. मला माझा रागही आला. बारा वर्षे मी माठ डोक्यावर घेऊन मुकाट बसले होते.

दिगंबरराव म्हणाले, "तुला काय वाटतं, काय करावं?"

"बाबांनी हे वाचावं."

त्यांनी आपली अट स्वतःच मोडली आणि पुस्तक तिच्या नावावर लिहिले. नीरजाने, आई दुसऱ्यांदा ओटी भरते त्या पानात शाळेच्या वहीचा कागद खूण म्हणून घातला आणि पुस्तक छातीशी धरून ती घरी गेली.

सोमवारी संध्याकाळी साडेपाचला श्रीनिवासराव आले. चप्पल न काढता आत आले, म्हणजे राग किती होता ते समजा. पुस्तक काउंटरवर आपटून म्हणाले, "दिगंबरराव, हे माझ्या मुलीच्या हातात कसं आलं? तिचा हात तिथवर पोहोचत नाही!"

"बरोबर आहे. म्हणून मी काढून दिलं."

"समितीचा ठराव आहे! माझी सही आहे त्यावर!"

"आहे ना." दिगंबररावांनी ठराववही काढून उघडली. "'कोवळ्या मनांस अयोग्य.' ही आपलीच सही. सही करण्यापूर्वी आपण पुस्तक वाचलं होतंत का?"

"सगळं वाचूनच सह्या करायच्या तर समिती चालायची कशी?"

"मीही न वाचताच वर ठेवलं होतं, श्रीनिवासराव. तेव्हा आपण दोघे सारखेच. आता मी वाचलंय." त्यांनी मला पुढे सरकवले. "बसा. वाचनालय साडेआठपर्यंत उघडं आहे."

श्रीनिवासराव बसायला तयार नव्हते. पण आजूबाजूला पेपर वाचणारे चौघे आता त्यांच्याकडे बघत होते, आणि उभ्याने भांडणे बरे दिसेना. ते माझ्यावर बसले. पुस्तक नीरजाच्या खुणेपाशी उघडले. तुमचे वडील बसतात तसेच, पाठ ताठ ठेवून, नुसते चाळायचे म्हणून त्यांनी वाचायला सुरुवात केली.

त्या पानावर कादंबरीतले वडील मुलीला समजावतात, "चार दिवस सोस, लोक काय म्हणतील?" मी कसले पुस्तक वाचणार, हे मी पुढे मुलांच्या तोंडून ऐकले, पण माझ्यावर बसलेला माणूस मला कळतो. त्या पानाशी श्रीनिवासराव थबकले. पुढचे पान उलटायला त्यांना फार वेळ लागला. मग ते मागे गेले आणि पहिल्यापासून वाचू लागले. सहा वाजले, सात वाजले. पेपर वाचणारे उठून गेले. दिगंबररावांनी दिवे लावले. सव्वाआठच्या सुमारास, खालची घडी सुटलेला माझा तो पाय फरशीवर टकटक वाजू लागला. बसलेला माणूस शेवटच्या पानावर पुढे वाकला होता.

"हा बाप वाईट नाहीये हो," श्रीनिवासराव हलक्या आवाजात म्हणाले.

"नाही," दिगंबरराव म्हणाले. "तेच तर."

त्यांनी पुस्तक मिटले, माझ्यावर ठेवले आणि चप्पल ओढत निघून गेले.

दिवाळीत वाचनालय चार दिवस बंद होते. त्या चार दिवसांइतके लांब दिवस मी आयुष्यात पाहिले नाहीत. भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले. नऊ वाजले. दहा वाजले. दिगंबरराव उगाचच तीच पुस्तके पुन्हा पुन्हा लावत होते आणि रस्त्याकडे बघत होते. साडेदहाला नीरजा आली आणि तिच्यामागून लांब बाह्यांचे पोलके घातलेली एक बावीस वर्षांची तरुणी.

"काका, ही माझी ताई. हिला सभासद व्हायचंय."

आता तुम्हाला एक सांगितले पाहिजे. माहेरपणाला आलेल्या मुली आमच्याकडे नेहमी महिन्याच्या सभासद होत. चार पुस्तके वाचायची आणि सासरी जायचे. दिगंबररावांनी फॉर्म पुढे केला आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात विचारले, "मासिक की वार्षिक?"

श्यामलाने बहिणीकडे पाहिले. मग म्हणाली, "वार्षिक."

दिगंबररावांनी तसे लिहिले. लिहिताना त्यांचे अक्षर इतके वाकडे आले की फॉर्म दुसरा घ्यावा लागला.

महिनाभराने समितीची सभा झाली. जुना ठराव रद्द करावा असे कुसुमताईंनी मांडले. सगळ्यांत आधी हात वर केला तो श्रीनिवासरावांनी. यज्ञेश्वरपंत मात्र चिडले. "म्हणजे उद्या कोणीही पोरगं काहीही वाचणार!"

"वाचू दे," कुसुमताई म्हणाल्या. "अडलं तर सांगायला आपण आहोत ना? की आपल्याला वेळ नाही?"

वेळ नाही असे कोणाला म्हणता येईना, कारण त्याच सभेला ते तीन तास बसलेले होते. मला पुन्हा सातव्या फळीखाली ठेवायचे ठरले, आणि माझ्याशेजारी आणखी एक स्टूल. ते मच्छिंद्र सुतारांनीच केले. तेव्हा ते बरेच थकले होते. वाचणाऱ्याने माझ्यावर बसायचे आणि दुसऱ्या स्टुलावर त्या दिवशी जो कोणी मोठा माणूस मोकळा असेल त्याने. मुले विचारत, मोठी माणसे अडखळत उत्तरे देत. कधीकधी मोठ्यांना उत्तर येत नसे. तेव्हा ते तसे कबूल करत, आणि मुलांना ते फार आवडे.

श्यामलाने पुढे ग्रंथपालनाचा अभ्यासक्रम पुरा केला. दिगंबरराव निवृत्त झाले तेव्हा चाव्या त्यांनी तिच्या हातात दिल्या. नीरजा शिकून खराडीला एका मोठ्या कंपनीत लागली. अजून महिन्यातून एकदा येते आणि माझ्यावर बसते. आता तिचे पाय जमिनीला टेकतात, पण सवयीने ती ते माझ्या पट्टीवरच ठेवते.

मी आता थकले आहे. माझ्या दोन पट्ट्या निखळल्या, पाट चिरला. वाचनालयात संगणक आला, चाकांची लोखंडी शिडी आली. नव्या समितीतले एक गृहस्थ परवा म्हणाले, "हे भंगारात देऊन टाका." आणि लगेच पुढे म्हणाले, "आणि ती जड विषयांची पुस्तकं जरा वेगळी ठेवा. हल्लीची मुलं नाजूक असतात." श्यामलाताई ऐकून घेतात आणि हसतात. त्या लवकरच निवृत्त होणार आहेत, म्हणून मला काळजी वाटते.

गेल्या रविवारी मैना नावाची चौदा वर्षांची मुलगी दोन बस बदलून आली. म्हणाली, "मॅडम, ते टॉपचं लाल पुस्तक मिळेल का? आमच्या टीचर म्हणाल्या, आत्ता नको वाचूस, फार डिस्टर्बिंग आहे."

"आहे खरं," श्यामलाताई म्हणाल्या. त्यांनी मला ओढले, दुसरे स्टूल शेजारी घेतले आणि त्या स्वतः त्यावर बसल्या. मैना माझ्यावर बसली. पुस्तकाची बांधणी दोनदा बदलली आहे, पण नीरजाची ती खूण अजून आत आहे.

मैनाने पहिले पान उघडले आणि घाबरत विचारले, "आधीच सांगा ना. ती मुलगी शेवटी जगते का?"

श्यामलाताईंनी बाही जराशी मागे सारली आणि मनगटावरून बोट फिरवले. "पुस्तकातली नाही जगत," त्या म्हणाल्या. "तू वाच. मी इथेच बसलेय."

मित्रांनो, मला भंगारात द्यायचे असेल तर खुशाल द्या. सागवान आहे, कशाच्या तरी कामी येईन. माझे मागणे एवढेच आहे की मोठेपणी पुस्तके उंचावर ठेवाल तेव्हा त्या फळीखाली दोन स्टुले ठेवा, आणि त्यांतल्या एकावर तुम्ही बसा.